खाली म्हणजे कुठपर्यंत?

पुण्यात त्याला राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज, आणि घरात कामाला येणारी हिंदी बोलणारी मुलं मलबा म्हणतात. नाव काहीही असो, भिंतीत किंवा जमिनीत असेपर्यंत ते आपलं घर असतं. छन्नी-हातोडा चालला की दुपारपर्यंत ते कुणाचंच नसतं.

२०२५च्या मे महिन्यात आम्ही आईबाबांच्या घरातलं बाथरूम नव्याने करून घेतलं. इमारत १९८८ची, सिंहगड रोडला, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती, त्यामुळे सगळं उखडण्यावाचून इलाज नव्हता. फरशी निघाली, तर तिच्याखाली फूटभर विटांचे तुकडे. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्यात पाइप टाकतात आणि उरलेला खड्डा फुटक्या विटांनी भरून वर कोबा करतात. म्हणजे कधीकाळी कुणीतरी टाकून दिलेल्या विटा ३७ वर्षं आमच्या पायाखाली गुपचूप होत्या. आता त्याच विटा, टाइल्स आणि गिलाव्यासकट, ४८ गोण्यांत भरून पार्किंगच्या कोपऱ्यात येऊन बसल्या. पोरांनी सगळ्या गोण्या पाठीवरून दोन मजले खाली आणल्या होत्या.

तिथून भांडण सुरू झालं. बाबा म्हणाले, "मिस्त्री, पैसे ठरवून दिलेत ना? मग हे उचलायचं कुणी?" मिस्त्रींनी शांतपणे कोटेशनचा फोटो दाखवला. सातव्या ओळीत लिहिलं होतं : तोडफोड करून माल खाली उतरवणे. "काका, खाली उतरवला. टेम्पो यात नाहीये." सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीन दिवसांची मुदत देऊन नोटीस लावली. घंटागाडीच्या ताईंनी तर गोण्यांकडे पाहूनच हात वर केले. ओला कचरा, सुका कचरा यात हे कुठेच बसत नाही.

गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. मिस्त्रींचा रेट स्क्वेअर फुटावर ठरलेला, त्यातून दोन पोरांची रोजची मजुरी जायची. टेम्पो करायचा तर तो त्यांच्या खिशातून. बाबांच्या डोक्यात 'काम' म्हणजे घर झाडून-पुसून हातात मिळणं. सोसायटीला पार्किंग मोकळं हवं होतं. प्रत्येकाची जबाबदारी जिथे संपत होती, तिथून गोण्यांचा प्रवास सुरू होणार होता.

कायद्याचं तेव्हाचं उत्तर सरळ होतं. केंद्र सरकारने २०१६ साली बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले. त्यांत घरातल्या दुरुस्तीचा राडारोडाही धरला होता. ज्याच्या कामातून तो निघतो त्याने तो इतर कचऱ्यात मिसळू द्यायचा नाही, रस्त्यावर किंवा गटारात टाकायचा नाही, आपल्या आवारात ठेवायचा किंवा पालिकेच्या संकलन केंद्रावर अथवा अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पोचवायचा. दिवसाला २० टनांच्या वर राडारोडा काढणाऱ्याला आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागायचा. आमच्या ४८ गोण्या जेमतेम पावणेदोन टन. एवढ्याशाला कुणी आराखडा मागत नाही आणि कुणी बघायलाही येत नाही. शहरात अशी पावणेदोन टनांची कामं मात्र गल्लोगल्ली चालू असतात.

मी टेम्पोवाल्याला फोन केला. दोन खेपा लागतील म्हणाला. "जवळ टाकायचं तर खेपेला १,५००. वाघोलीच्या प्लांटला न्यायचं तर ३,५००."

"जवळ म्हणजे कुठे?"

"ते तुम्ही कशाला विचारता मॅडम? तुमचं पार्किंग मोकळं करून देतो."

मला ठाऊक होतं जवळ म्हणजे कुठे. रात्री दहानंतर नदीकडे उतरणारे रस्ते या भागात सगळ्यांनाच ठाऊक आहेत. जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा नदीपात्रात टाकलेल्या राडारोड्याकडे आणि भरावाकडे कित्येकांनी बोट दाखवलं. आमच्याही पार्किंगमध्ये तेव्हा घोटाभर पाणी होतं, नेमकं गोण्या ठेवल्या त्याच कोपऱ्यात. त्यामुळे खेपेमागचे २,००० रुपये मला नुसतं अंतराचं भाडं वाटेना. एका ठिकाणी मला काही विचारायचं नव्हतं, म्हणून ते स्वस्त होतं.

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता, कारण टाकण्यासारखं फार उरायचंच नाही. वाडा उतरवला की सागवानी तुळया, दारं, चौकटी विकल्या जायच्या, विटा साफ करून पुन्हा लावल्या जायच्या, माती भरावाला जायची. आताची टाइल सिमेंटला अशी चिकटते की काढताना तिचे तुकडेच होतात. त्यातच पीओपीचं छत, पीव्हीसीचे पाइप, थर्माकोल, रंगाचे डबे, सगळं एकाच गोणीत. प्लांटमध्ये काँक्रीट आणि विटा दळून, चाळून त्याची खडी आणि वाळू करतात, पेव्हर ब्लॉक आणि फुटपाथच्या कडेचे दगड करतात. दिल्लीत बुराडीला २००९पासून हे चालू आहे. पण त्यात पीओपी मिसळलं की मालाचा दर्जा घसरतो. म्हणजे राडारोड्याचं पुढे काय होणार, हे बरंचसं तोडफोडीच्या दिवशी गोण्या भरतानाच ठरतं.

शेवटी गोण्या वाघोलीला गेल्या. भाडं आम्ही दिलं. बाबा दोन दिवस नीट बोलले नाहीत. ७,००० रुपयांत चांगला शॉवर आला असता, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो चूक नव्हता. मिस्त्रींनी गाडी भरायला पोरं दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. साबूत निघालेल्या २० टाइल्स आईने गच्चीतल्या कुंड्यांखाली लावल्या.

मग हे करायचं कुणी? मला वाटतं, पैसे घरमालकानेच द्यायचे, कारण नवं बाथरूम त्याला हवं आहे. नेऊन टाकायचं काम कंत्राटदाराचं, कारण टेम्पो, माणसं आणि माल वेगळा करण्याची नजर त्याच्याकडे असते. आणि पालिकेने शहराच्या प्रत्येक बाजूला राडारोडा घेणारी जागा द्यायची. सिंहगड रोडवरून वाघोली म्हणजे अख्खं पुणं ओलांडून जाणं. कायदा पाळायला एवढं डिझेल लागत असेल, तर लोक नदी शोधणारच.

मी मिस्त्रींना म्हटलं, "पुढच्या वेळी कोटेशनमध्येच लिहा ना, राडारोडा अमुक ठिकाणी नेणार, त्याचे एवढे."

ते हसले. "ताई, मी लिहिलं तर माझा आकडा सात हजारांनी मोठा दिसतो. काम जातं दुसऱ्याकडे. त्याने लिहिलेलंच नसतं."

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आता थोडंसं आहे. ती ओळ मिस्त्री आपणहून लिहिणार नाही, ती आपण मागायची. तिघांकडून कोटेशन घेत असाल तर तिघांनाही सांगा : राडारोडा कुठे जाणार ते लिहा, त्याचा खर्च वेगळा दाखवा, आणि पोचल्याची पावती द्या. तिघांच्याही आकड्यांत ती रक्कम असली की नीट काम करणारा माणूस महाग दिसत नाही. टाइल्सचा रंग ठरवायच्या आधी हे विचारा. एकदा हातोडा पडला की घाई सगळ्यांनाच असते.