कोळसा, लोखंड आणि प्राणहितेचे दोन काठ

बल्लारपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टीकडे निघालं की कोळशाच्या खाणी मागे पडतात आणि समोरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक येऊ लागतात. युद्धोत्तर युरोपचा इतिहास वाचलेल्याला ही जोडी पाहून रूरचा कोळसा आणि लोरेनचं लोखंड आठवणारच. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी कोळसा आणि पोलाद हे दोन्ही उद्योग एकत्र आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि पुढच्या वर्षी सहा देशांनी कोळसा आणि पोलाद समुदायाच्या पॅरिस करारावर सह्या केल्या. मात्र खनिजांच्या शेजारामुळे युरोप जोडला गेला, असं म्हणणं फसवं आहे. हा शेजार १८७०, १९१४ आणि १९३९ मध्येही होताच. १९५१ मध्ये नवीन होती ती सरकारांच्या वर बसवलेली ‘उच्चाधिकार’ संस्था आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येईल असं न्यायालय. त्यामुळे इथे रूर-लोरेनशी खरी तुलना खाणींची नव्हे, नदीची करायला हवी. बल्लारपूर आणि सुरजागड एकाच राज्यात आहेत. प्राणहितेचे दोन काठ मात्र दोन राज्यांत आहेत.

आष्टीच्या खाली वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. आलापल्लीच्या सागवानातून दक्षिणेला जाणारा रस्ता सिरोंचाला पुन्हा तिच्या काठी येतो. हा काठ जुन्या सत्तांची शिवण आहे. १८६० मध्ये निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांना दिले आणि सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. त्याच सुमारास अभियंता आर्थर कॉटनच्या कल्पनेतून वऱ्हाडचा कापूस नदीतून समुद्रापर्यंत नेण्याची योजना चालू होती. ती १८७१ मध्ये सोडून दिली गेली. ऱ्हाइनवर मात्र १८१५ पासून काठावरच्या राज्यांचा संयुक्त आयोग होता. इथल्या अपयशाचा दोष राजकारणाला देण्याचा मोह टाळावा. पात्रातले खडक आणि वाढता खर्च ही कारणं पुरेशी होती.

आजचं उदाहरण सिरोंचाच्या खाली गोदावरीवर बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचं. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाने करार केला, २०१९ मध्ये बंधारा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. पाण्याचा लाभ पलीकडे, बुडिताची तक्रार सिरोंचाच्या शेतकऱ्यांची. यावर कुणी म्हणेल, भारत आधीच एक देश आहे. इथे दोन राज्यं लढायला निघालेली नाहीत, मग युरोपचा दाखला कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. संघराज्याने शांतता दिली, एकत्र निर्णय घेण्याची सवय नव्हे. गोदावरी लवादाने १९८० मध्ये पाण्याची वाटणी केली. वाटणी आणि सामायिक कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिस करारात खाण बंद पडून काम गेलेल्या मजुरांच्या पुनर्वसनासाठी पैशांची तरतूद होती. तोटा कुणाच्या वाट्याला जाणार हे आधीच मान्य केलेलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मार्शल योजनेचा पैसा आणि सोव्हिएत संघाची धास्ती नसती, तर सहा देश एका टेबलाशी बसलेच नसते. खरं आहे. ब्रिटन तर त्या वेळी बाहेरच राहिला. पण दडपण बदलत गेलं तरी संस्था टिकली. कोळसा आणि पोलाद समुदायाचा करार पन्नास वर्षांची मुदत भरून २००२ मध्येच संपला, सोव्हिएत संघ कोसळल्यावर दशकभराने. प्राणहितेवर दडपण आहे ते उन्हाळ्यातल्या पाण्याचं आणि पावसाळ्यातल्या पुराचं. ते दरवर्षी येतं, आणि तरीही कायमची बैठक जमत नाही.

परतीच्या वाटेवर संगमाजवळचं तुमडीहेटी लागतं. इथल्या नियोजित बंधाऱ्याची उंची तेलंगणाला १५२ मीटर हवी होती, महाराष्ट्राने १४८ लावून धरली. मधल्या चार मीटरांत ज्यांची शेतं येतात, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावकऱ्यांना या घासाघिशीत जागा कुठे आहे, हे विचारायला दोन्ही काठांना सामायिक असं दार अजून नाही.