२४० अर्धे दिवस

मी सर्वणचा, डिचोली तालुक्यातला. आमच्या भागात बऱ्याच घरांची चूल खनिजावर पेटायची. बाबांचा एक ट्रक होता, खाणीवरून मांडवीकाठच्या धक्क्यावर माल पोचवायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या. ट्रकचे हप्ते काही थांबले नाहीत.

त्याच वर्षी मला जर्मनीत फ्रायबेर्गच्या खाण विद्यापीठात भूजलाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. ही संस्था १७६५ सालची. शिकवणी फी नव्हती, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ८,६४० युरो आधीच एका बंद खात्यात भरायचे होते. त्यातले महिन्याला ७२० काढता येत. म्हणजे सात लाखांच्या आसपास रुपये. आईचे दागिने तारण गेले, मामांनी हात दिला. चवथ आटोपली आणि मी निघालो.

तिथं गेल्यावर पहिलं गणित शिकलो ते वर्गाबाहेर. आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस कामाची परवानगी होती. चार तासांपर्यंत अर्धा दिवस. किमान वेतन तासाला ८.८४ युरो. सगळे अर्धे दिवस पुरेपूर भरले तरी हिशेब साडेआठ हजारांच्या आत, म्हणजे बंद खात्यात भरले त्याहूनही कमी! शिवाय 'मिनिजॉब'ला महिन्याला ४५० युरोंची मर्यादा. मी वहीत रोज एक रेघ मारायचो, आज अर्धा दिवस गेला.

पहिलं काम एका बेकरीत. पहाटे उठून बर्फातून चालत जायचं, ट्रे धुवायचे, पाव मांडायचे. तिथले लोक 'हो'ला 'नू' म्हणतात. पुस्तकातली जर्मन तिथं निम्मी उपयोगाची नव्हती, खरी भाषा गिऱ्हाइकांनीच शिकवली. आठ वाजता काम सुटलं की तसाच तासाला जाऊन बसायचो. घरी सांगितलं तेव्हा आई गप्प झाली. गावात घरच्या पोरानं दुसऱ्यांची भांडी घासणं कसं वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाबा मात्र म्हणाले, "काम कर, पूण शिकप सोडूं नाका."

पुढच्या हिवाळ्यात घरून फोन आला. तीन हप्ते थकले होते, कर्ज देणाऱ्यांची माणसं दारात येत होती. नेमकं तेव्हाच एका हॉटेलवाल्यानं मला विचारलं, रात्री येशील का? नोंद नाही, पैसे रोख. वर्षाचे दिवस माझे संपत आले होते. दोन रात्री झोप लागली नाही. पकडलो गेलो तर परवाना जाईल, आणि त्याबरोबर आईचे दागिनेही गेल्यातच जमा. मी नाही म्हटलं आणि बाबांना फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी ट्रक मिळेल त्या किमतीला विकला. तो दिवस त्यांना किती जड गेला असेल, ते मला आजही त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालेलं नाही.

त्यानंतर विद्यापीठातच प्रयोगशाळेत 'हिवी' म्हणून लागलो, म्हणजे विद्यार्थी-सहायक. हे काम त्या २४० दिवसांत धरत नाहीत, हे बऱ्याच मुलांना उशिरा कळतं. जुन्या खाणींतून येणाऱ्या पाण्याचे नमुने तपासायचे. आमच्याकडे खाण खोल गेली की शेजारच्या विहिरी आटतात, हे लहानपणी पाहिलं होतं. ते मोजायचं कसं, हे तिथं हाताला कळलं. पुढे नोकरी मिळाली तीही या कामाच्या जोरावर, बेकरीच्या नव्हे. पण बेकरी नसती तर तिथवर टिकलो नसतो.

आता मार्च २०२४ पासून ही मर्यादा १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस झाली आहे. तुमचं मूल तिकडे निघालं असेल तर एवढंच सांगेन: पहिल्या वर्षाचा खर्च कमाईच्या भरवशावर धरू नका. आणि फोनवर "किती मिळतात?" याच्या आधी "परीक्षा किती राहिल्यात?" हे विचारा. आमच्या बाबांनी पहिला प्रश्न कधीच विचारला नाही.