पुतण्याचं पिस्तूल : एका बँकवाल्याची छाननी



आमच्या ग्वाल्हेर-भिंड-मुरैनाकडचं बंदुकीचं वेड पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना समजावून सांगणं कठीण. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचं लायसन लवकर देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या प्रशासनाने सांगितलं, लायसन हवं तर आधी दहा झाडं लावा आणि रोपांसोबतचे फोटो आणा. सरकारलाही ठाऊक आहे की इथला माणूस लायसनासाठी काय वाटेल ते करील.

आपल्या मराठी घरांत शस्त्र आलं ते शिंद्यांच्या चाकरीबरोबर. लष्करातल्या जुन्या वाड्यांत खंडेनवमीला तलवार, कट्यार, एखादी दुनाली पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं जातं. दसरा झाला की परत कपाटात. रोज कमरेला लावून बाजारात जायची रीत निदान आमच्या घरात नव्हती. त्यात कमरेत लपेल एवढ्या पिस्तुलाचा आणि ग्वाल्हेरचा संबंध निघाला की आमच्या पिढीच्या मनात आणखी एक गोष्ट येते. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींवर ज्या इटालियन बेरेटातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते पिस्तूल आमच्याच शहरातून गेलेलं होतं. आमच्या घरी वडील त्यावर कधी बोलले नाहीत, पण 'पिस्तूल' हा शब्द कुणी काढला की विषय बदलायचे.

म्हणून माझा पुतण्या "काका, मला एक स्लिम पिस्तूल घ्यायचंय, रोज कमरेला ठेवायला, तुमचं मत सांगा" म्हणत आला, तेव्हा मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्याचा भिंड रोडवर पेट्रोल पंप आहे. रात्री रोकड घेऊन निघावं लागतं आणि सुट्ट्या लागून आल्या की तीन दिवसांचा पैसा साठतो. त्या हिवाळ्यात दोनदा एक मोटारसायकल गोळ्याच्या मंदिरापर्यंत त्याच्या मागे आली होती. थोरल्या दादांच्या पश्चात त्यांची बारा बोर त्याच्या नावावर झालेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे त्याला एकाची जागा शिल्लक होती. तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर लोकांची प्रकरणं तपासलीत, हेही तपासा."

मी बी.कॉम. माणूस. हत्यारातला तज्ज्ञ नाही. कॉलेजात एन.सी.सी.त पॉइंट टू टू रायफल चालवली आणि पुढे चंबळकाठच्या शाखांत नोकरी केली तेवढंच. पण कर्जप्रकरण तपासताना जे प्रश्न विचारतो तेच इथे लागू पडतात असं मला वाटलं. गरज खरी आहे का, माल कसा आहे, वापर कसा होणार, आणि बुडालं तर कोणाचं बुडणार.

आधी माल. आपल्याकडे नऊ एम.एम. पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. माझा मुलगा टेक्सासात असतो. त्याने चुलतभावाला फोनवर सिग सावरच्या पी ३६५ चं वर्णन ऐकवलं होतं. ते २०१८ मध्ये आलं. जाडी जेमतेम इंचभर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि एवढ्याशा मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. तिथे २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. हे सगळं ऐकून पुतण्याचे डोळे चमकले, पण आपल्या कायद्यात ते बसत नाही. आपल्याला बत्तीस बोअर, म्हणजे ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलेलं ७.६५ एम.एम.चं काडतूस. त्याची गोळी साडेचार ग्रॅमची, तर नऊ एम.एम.ची साधारण आठ ग्रॅमची आणि वेगानेही पुढे. जोर निम्म्याहून कमी. बत्तीस बोअरने माणूस मरत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. पण सिनेमात दाखवतात तसा एका गोळीत समोरचा जागेवर थांबेल, या भरवशावर राहू नये.

त्याच्यासमोर दोन पर्याय होते. एक, कोलकात्याच्या काशीपूर कारखान्याचं 'अशनी', नवं कोरं. दुसरा, ओळखीच्या एका गृहस्थांकडचं जुनं वॉल्थर पी.पी.के. हे मॉडेल १९३१ चं. एका ओळीत सात गोळ्या, म्हणून चपटं. हातात घेतलं तर घड्याळासारखं काम वाटतं. १९८० च्या दशकापासून बाहेरची हत्यारं आणणं सामान्य माणसाला बंद झालं, त्यामुळे असल्या जुन्या पिस्तुलांना कैक लाखांचा भाव येतो. पुतण्याचा जीव वॉल्थरवर. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू जुनी गाडी घेताना इंजिन बघतोस. याची स्प्रिंग किती वर्षांची, आत किती गोळ्या चालल्यात, तुटलं तर पार्ट कुठून आणणार?" गृहस्थांना यातलं एकही उत्तर देता आलं नाही. नावावर पैसे मोजायचे असतील तर तो शौक झाला, संरक्षण नव्हे.

मग वापर. चपट्या पिस्तुलाचा गुण एकच, ते लपतं. बाकी सगळे त्या गुणाचे दोष. मूठ आखूड, म्हणून करंगळी खाली लटकते. नळी आखूड, म्हणून नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळ येतात आणि हाताची जराशी थरथर लक्ष्यावर मोठी होते. वजन कमी, म्हणून झटका जास्त. आणि बत्तीस बोअरच्या या पिस्तुलांत स्लाइड मागे ओढायची स्प्रिंग चांगलीच कडक असते. मला सत्तरीच्या बोटांनी ती दोनदा प्रयत्न केल्यावर ओढता आली. खिशाला जे सोपं ते हाताला अवघड, हे पहिल्याच दिवशी कळलं.

पैसे देण्याआधी मी त्याला एक काम दिलं. एक होल्स्टर आणायचं, त्यात अर्ध्या किलोचं किराण्याचं वजन घालायचं आणि आठ दिवस कमरेला लावून हिंडायचं. रोज रात्री वहीत नोंद करायची, शाखेच्या इन्स्पेक्शनसारखी. तो हसला, पण केलं त्याने.

वही माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशीची नोंद, "पायजम्याच्या नाडीवर होल्स्टर राहत नाही. जाड पट्टा पाहिजे." दुसऱ्या दिवशी, "स्कूटरवर मागे लावलं तर पाठीत रुततं, बाजूला लावलं तर शर्टातून उठून दिसतं." तिसऱ्या दिवशी घाम. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या घामात लोखंड गंजतं आणि कातडंही वास मारतं. चौथ्या दिवशी, "संडासात जाताना काढून कुठे ठेवायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, हत्यारं विसरली जातात ती अशाच जागी. पाचव्या दिवशी एका मयताला जावं लागलं, खांदा देताना ते बरगडीत टोचलं. सहाव्या दिवशी पंपावरून घरी आला तशी चार वर्षांची मुलगी धावत येऊन कमरेला बिलगली. वहीत फक्त एक ओळ आहे. "छकुली म्हणाली, बाबा हे काय टोचतंय."

त्या पानापुढे सातवा-आठवा दिवस कोरा आहे.

यानंतर एका जाणकाराच्या देखरेखीखाली मैदानावर नेमबाजी झाली. सात मीटर अंतर, म्हणजे आपल्या वाड्यातल्या चौकाएवढं. जेवणाच्या थाळीएवढं लक्ष्य. शांत उभं राहून दहापैकी आठ लागल्या, गडी खूश. मग जाणकाराने त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि शर्ट उचलून, पिस्तूल काढून लगेच झाडायला सांगितलं. दहापैकी तीन. उरलेल्या सात गोळ्या कुठे गेल्या, असं मी विचारलं. भिंड रोडवर रात्री नऊला चहाच्या टपरीवर माणसं बसलेली असतात. ती सात त्यांच्या बाजूला गेली असती. आणि सराव वाढवावा म्हटलं तर काडतुसं महाग, लायसनावर त्यांची मर्यादा आणि खरेदीचा हिशोब वेगळा.

एक जुनी गोष्ट त्याला सांगितली. १९८० च्या दशकात एका आडगावच्या शाखेत मी होतो. संध्याकाळी गार्ड बारा बोर रिकामी करत असताना बार उडाला. छर्रे छतात गेले म्हणून आम्ही वाचलो. तो गार्ड फौजेतून आलेला, वीस वर्षं हत्यार हाताळलेला. दरोडेखोर त्या शाखेत माझ्या काळात कधी आले नाहीत. गोळी सुटली ती आमच्याच बंदुकीतून.

आणि कायदा. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंडसंहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ कलमांत आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर पैसा वाचेल आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. पिस्तूल झाकून, होल्स्टरमध्ये, आपल्या ताब्यात ठेवायचं. दाखवून धाक घालायचा नाही. लग्नात हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय निवडणूक लागली की हत्यार थाण्यात जमा. २०२३ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा, दोन्ही वेळा दादांची बारा बोर तिथेच पडून होती. पंपावरची रोकड त्या महिन्यांतही तेवढीच होती ना?

इथे मला बँकवाल्याचा मुद्दा सापडला. आम्ही शाखेत शिकलो की जोखीम आधी कमी करायची, मग उरलेल्या जोखमीवर तारण घ्यायचं. पुतण्या सगळी जोखीम तशीच ठेवून थेट तारणाकडे निघाला होता. म्हणून आधी रोकड हातात घेतली. पंपावर यू.पी.आय.चे फलक वाढवले. बँकेच्या माणसांनी येऊन रोकड उचलायची सोय लावून घेतली. सुट्टीच्या दिवशीसाठी जमिनीत पक्की तिजोरी बसवली, निघायची वेळ रोज बदलली, सोबत एक माणूस ठेवला. तीन महिन्यांत रात्री अंगावर न्यायची रक्कम आधीच्या दहाव्या हिश्शावर आली. मोटारसायकल परत दिसली नाही. ती या उपायांमुळे गेली की आपोआप, ते देव जाणे.

एवढं करूनही जोखीम शून्य झाली नाही, हे मी मान्य करतो. रस्ता तोच, अंधार तोच. "काका, ज्यांनी माझ्या मागे गाडी लावली त्यांना काय ठाऊक की आता बॅगेत पैसे कमी आहेत?" असं तो म्हणाला, आणि त्याला उत्तर नव्हतं. म्हणून मी नकार दिला नाही. अटींवर मंजुरी दिली आणि अटी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, सूनबाई साक्षीदार.

पिस्तूल नवं कारखान्याचंच. फक्त पंपाच्या कामावर जाता-येता, तेही चांगल्या पट्ट्यावर, चापावर झाकण असलेल्या होल्स्टरमध्ये. 'रोज सगळीकडे' हे नाही. घरात पाऊल टाकलं की आधी पिस्तूल रिकामं करून तिजोरीत, मगच मुलीला जवळ घ्यायचं. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली सूनबाईकडे. दारू घेतली असेल, घरात भांडण झालं असेल किंवा मन ठिकाणावर नसेल, तर त्या दिवशी सूनबाईने किल्ली द्यायची नाही आणि कारण सांगायची तिला सक्ती नाही. ही शेवटची अट त्याला झोंबली. मी म्हटलं, "घरातलं हत्यार बाहेरच्या चोराच्या आधी घरातल्या रागाच्या हाती लागतं. आपल्या भागातल्या किती घरांत हे झालंय, तुला नावं सांगायला नकोत." तो गप्प बसला, सही केली.

पिस्तूल येऊन आता वर्ष होत आलं. एकदाही बाहेर काढायची वेळ आली नाही. अट मात्र एकदा मोडली गेली. माघात भाच्याच्या मुंजीला तो कोटाखाली लावून आला, चार लोकांना दिसावं असं. सूनबाईंनी मांडवात आवाज चढवला नाही. जवळ जाऊन म्हणाल्या, "अहो, मातृभोजनाला अजून अर्धा तास आहे, घरी ठेवून या." गडी गेला आणि रिकाम्या कमरेने परत आला. माझ्या हिशोबाने त्या पिस्तुलाची सगळ्यात भक्कम सेफ्टी तीच.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजोबा-पणजोबांची हत्यारं कपाटात असतील. कुणी जमा करून टाकली, कुणी नावावर करून घेतली, कुणी अजून फक्त खंडेनवमीला काढता. तुमच्याकडे किल्ली कोणाकडे असते, तेवढं जरूर लिहा.