तगरीवरची अळी

यंदाच्या वर्षावासातली गोष्ट. विश्रांतवाडीतल्या आमच्या घरामागे चार हात मोकळी जागा आहे. तिथे मी तगर लावली आहे. वंदनेला घरची पांढरी फुले असावीत, एवढाच हेतू. एका रविवारी सकाळी फुले तोडायला गेले, तर एक फांदी पार बोडकी! आणि तिला बोटाएवढी जाड, चांगली तीन इंच लांब हिरवीगार अळी चिकटलेली. डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे, शेपटाला काटा. मी किंचाळलेच.

शेजारच्या मावशी धावत आल्या. "अगं शिवू नको, विषारी असते ती! काटा मारते. चपलेने चिरडून टाक."

मी पायातली चप्पल काढलीही. तेवढ्यात आठवीतली माझी मुलगी म्हणाली, "आई, तिने आपलं काय केलंय?"

हात तिथेच थांबला. कारण आदल्याच रात्री विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन माझ्याकडे होते आणि विषय नेमका अहिंसेचा होता. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा, यांत बाबासाहेबांनी स्पष्ट फरक केला आहे. मी तो बायकांना उदाहरण देऊन समजावला होता. डेंग्यूच्या दिवसांत पिंपातले पाणी ओतून डासांच्या अळ्या मारतो, ती गरज. मुलांच्या जिवाचा प्रश्न असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच हातात चप्पल! इथे कसली गरज होती? नुसती भीती आणि किळस.

मुलीने शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारून माहिती आणली. ही एका मोठ्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. कण्हेर आणि तगरीच्या पानांवर ती वाढते. कण्हेरीचे पान माणसाला, गुरांना विषारी. हिला मात्र पचते. ते निळे डोळे खरे डोळे नव्हेतच, पक्ष्यांना भिवविणारे ठिपके आहेत. शेपटाचा काटाही टोचत नाही. याच जातीचे पतंग आफ्रिकेतून समुद्र ओलांडून युरोपात पोहोचतात.

न पाहता, न तपासता म्हटलेले 'शिवू नको' आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले. ते शब्द मी निमूट ऐकले आणि वर चप्पल काढली, याची मला फार लाज वाटली.

वर्षावासाचे मूळ तरी काय आहे? पावसाळ्यात भिक्खू फिरत, तेव्हा त्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव चिरडले जात. लोकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्यास सांगितले. आपण मात्र वर्षावास म्हणजे ग्रंथवाचन, एवढेच धरून बसतो. पहिले शील मी रोज म्हणते. पण ते पाळण्याची वेळ परसात, अशी अचानक येईल, असे कधी वाटले नव्हते.

अळी तिथेच राहू दिली. तिने आणखी दोन फांद्या फस्त केल्या. चार दिवसांनी तिचा रंग तपकिरी झाला, ती खाली उतरली आणि भिंतीकडेच्या पाचोळ्यात शिरली. कोषात जाण्याआधी ती असेच करते, असे बाईंनी सांगितले होते. तो कोपरा मी झाडला नाही. तीनेक आठवड्यांनी सकाळी भिंतीवर हिरवा-गुलाबी, संगमरवरासारख्या नक्षीचा पतंग बसलेला दिसला. मावशींनी नातवाला कडेवर घेऊन तो दाखवला. "हीच का ग ती?" असे त्यांनी मला दोनदा विचारले.

तगरीला पुन्हा पालवी फुटली आहे. भाद्रपद पौर्णिमेला फुले थोडीच मिळाली, तेवढीच वाहिली. त्यानंतरच्या वाचनाला मी बायकांना डासांचे उदाहरण पुन्हा दिले आणि त्याला जोडून माझ्या चपलेचेही सांगितले.