उणे अर्धा

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर कबड्डी. नाही, मी खेळत नव्हतो. माझं वजन आणि माझे गुडघे ज्यांनी पाहिलेत त्यांनी हसू नये. मी कबड्डीचे मार्क काढत होतो, एक्सेलमध्ये. हसायचं असेल तर आता हसा.

झालं असं की माझा भाचा सिडकोतल्या एका मंडळाकडून कुमार गटात खेळतो. उजवा कव्हर. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून नाशकात आलो तो इथेच राहिलो, तेव्हापासून रविवारी सकाळी मिसळ आणि मग मैदान असा नेम आहे. मंडळाचे कोच सर अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी स्वतः उत्तम चढाईपटू. एकदा मला म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले. जिल्ह्याची निवड चाचणी जवळ आलीय. पोरांचे काहीतरी आकडे काढून द्या की. मला सगळेच चांगले वाटतात आणि सगळेच वाईट वाटतात."

आता इंजिनिअरला कोणी 'आकडे काढून द्या' म्हटलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिली अडचण लगेच आली. कबड्डीत गुण कोणाला मिळतो? चढाईचा चढाईपटूला, पकडीचा पकड करणाऱ्याला. प्रो कबड्डीने २०१४ पासून हे आकडे घराघरांत नेले. प्रदीप नरवालने २०१७च्या मोसमात चढाईचे ३६९ गुण मिळवले हे माझ्या भाच्याला त्याच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त पाठ आहे. याच आकड्यांवर लिलाव होतात. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली आणि डावा कोपरा सांभाळणाऱ्या इराणच्या शादलुईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. पैसे वाया गेले नाहीत. १ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवलं, तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके वाजले.

पण पकड प्रत्यक्षात होते कशी बघा. चढाईपटू कोपऱ्याकडे सरकतो. कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. चढाईपटू गडी ताकदीचा असतो, तो घोट्यासकट मध्यरेषेकडे निघतो. त्याच क्षणी कव्हर धावत येऊन त्याची वाट अडवतो, कमरेला मिठी मारतो, मग बाकीचे तुटून पडतात. शिट्टी वाजते. फलकावर गुण लागतो तो कोपऱ्याच्या नावावर. कव्हरच्या नावावर शून्य. सहा जण मिळून केलेल्या कामाची पावती एकाच्या नावाने फाटते. आमच्या भाच्याचे चार सामन्यांतले पकडीचे गुण होते तीन. आकड्यावरून पाहिलं तर घरी बसवावा असा खेळाडू.

हे दुखणं फक्त आपलं नाही, हे मला कळलं ते आमच्या क्लायंटकडच्या एका माणसामुळे. सोमवारी संध्याकाळी कॉल असतो (त्याची सकाळ), त्यातली पहिली पाच मिनिटं तो त्याच्या फुटबॉलबद्दल बोलतो. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात तो. तिथे चेंडू फेकणारा आणि झेलणारा असतो, त्यांचे अंतराचे, गुणांचे ढीगभर आकडे असतात. पण चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच अवाढव्य गडी भिंत करून उभे असतात. त्यांनी समोरच्यांना थोपवलं तरच पुढचं सगळं घडतं. त्यांच्या नावावर काय? जवळजवळ काहीच नाही. फाऊल झाला तरच त्यांचं नाव माईकवर ऐकू येतं. आमच्या कव्हरचे अमेरिकेतले मावसभाऊच म्हणा ना.

यावर त्यांनी उपाय काढला तो मार्कांचा. म्हणजे कल्पना जुनी आहे. १९४६ पासून क्लीव्हलंडच्या संघाचे कोच असलेले पॉल ब्राउन सामन्यांच्या फिल्म बघून आपल्या खेळाडूंना मार्क द्यायचे. पण ते झालं संघाच्या आत. २०००च्या दशकात नील हॉर्न्सबी नावाच्या एका इंग्रज माणसाने (अमेरिकन नव्हे, ही गंमत बघा) घरबसल्या हेच सगळ्या संघांसाठी सुरू केलं आणि त्यातून 'प्रो फुटबॉल फोकस' उभं राहिलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्येक डावात मैदानावरच्या बावीसही जणांकडे बघायचं. अपेक्षेइतकं केलं तर शून्य. त्याहून चांगलं केलं तर अधिक अर्धा, एक, असं अधिक दोनपर्यंत. वाईट केलं तर तसंच उणे. मग मोसमाची बेरीज घेऊन शंभरपैकी आकडा काढायचा. आज त्या लीगचे सगळे ३२ संघ त्यांची माहिती घेतात.

मला हे बेहद्द आवडलं. विशेषतः ते शून्य. 'अपेक्षेइतकं केलं' याला शून्य! आमच्या अप्रेझलमध्ये अपेक्षेइतकं करणाऱ्याला तीन देतात आणि तो दोन दिवस जेवत नाही.

तर मी लागलो कामाला. मोबाईल तिकाटण्यावर लावून चार सामने शूट केले. चाळीस मिनिटांचा सामना, चढाई ३० सेकंदांची, म्हणजे समोरच्या संघाच्या चाळीसेक चढाया, गुणिले आपले सात रक्षक. बाद झालेले वगळले तरी सामन्याला दोनशेच्या वर नोंदी. पॉज, मागे, पुन्हा प्ले, मार्क. बायको म्हणाली, "ऑफिसच्या कामात एवढं लक्ष घातलं असतंस तर आज..." असो.

आणि खरं सांगतो, त्याचा उपयोग झाला. नुसता नाही, भरपूर झाला. पहिली गोष्ट, मी पहिल्यांदाच चेंडू सोडून... म्हणजे चढाईपटू सोडून बाकीच्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं मैदानाच्या कडेला बसून मी एकाच माणसाकडे बघत होतो की! डावा कव्हर म्हणून एक मुलगा आहे, अबोल, त्याचं नावही मला धड माहीत नव्हतं. जवळजवळ प्रत्येक यशस्वी पकडीत तो कुठे ना कुठे होता. गुण एखाददुसरा, पण माझ्या यादीत तो सगळ्यात वर आला. सरांना व्हिडिओ दाखवला तर ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. हा आजारी होता त्या सामन्यात आपण मार खाल्ला होता." उलट, एक हिरो होता, पकडी पुष्कळ, टाळ्या पुष्कळ. पण एका पकडीमागे दोनदा तो उगाच अंगावर जाऊन गुण देत होता. ते टाळ्यांत कोणाला दिसत नव्हतं, उण्यांत दिसलं. भाचाही बऱ्यापैकी वर होता. (मामाने मार्क दिलेत म्हणून नव्हे. तशी शंका भाच्याच्या आईने सोडून कोणी घेतली नाही.)

सगळ्यात खाली आला उजवा कोपरा.

हा पोरगा म्हणजे भाच्याचा शेजारी, मैदानात आणि गल्लीतही. चढाईपटू त्याच्या टप्प्यात यायचा, पाय समोर यायचा, आणि हा जायचाच नाही. मागे सरकायचा. मी नियम केला होता: संधी असून गेला नाही तर उणे अर्धा. शेवटच्या दोन सामन्यांत त्याच्या नावापुढे असे अकरा उणे अर्धे लागले. मी त्या रांगेला लाल रंग दिला. एक्सेलमध्ये लाल रंग द्यायला एक क्लिक लागतं.

कागद सरांना दिला. पुढच्या रविवारी एका स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि निवड समितीतले एक-दोन जण बघायला येणार होते. सरांनी उजव्या कोपऱ्याला बसवलं, दुसरा घेतला. नवा पोरगा उत्साही. पहिल्याच चढाईला घोट्यात गेला. धरलाही छान. पण मागून कोणी आलंच नाही. चढाईपटू त्याला फरफटत मध्यरेषेपार घेऊन गेला. मग पुन्हा तेच. मध्यंतराआधी आपल्यावर लोण चढला आणि सामना तिथेच गेला. जुना कोपरा ट्रॅकसूट घालून बाकावर बसला होता. ओरडून सगळ्यांना सांगत होता, "थांब, थांब, जाऊ नको!"

घरी येताना भाचा स्कूटरवर मागे बसून गप्प होता. त्रिमूर्ती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "मामा, माझा खांदा दुखतोय."

"आज लागलं का?"

"नाही. महिना झाला."

महिना! चाचणी हातची जाईल म्हणून त्याने घरी सांगितलं नव्हतं, सरांना सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त एकाला, उजव्या कोपऱ्याला. उजवा हात वर होत नाही, मिठी मारता येत नाही, तू गेलास तर मी येऊ शकणार नाही. मग त्या पोराने काय करायचं? एकटा गेला असता तर गुण गेला असता. भाच्याचं बिंग फुटलं असतं ते वेगळंच. म्हणून तो थांबत होता. प्रत्येक वेळी. अकरा वेळा त्याने योग्य तेच केलं आणि अकरा वेळा मी त्याला उणे अर्धा दिला. आणि ज्याचा खांदा निकामी होता त्या माझ्या भाच्याला? पकड झालीच नाही, तर चूकही नाही. शून्य, शून्य, शून्य. अपेक्षेइतकं.

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

मग रात्री बसून विचार केला. अमेरिकेतही मार्कांवरचा जुना आक्षेप हाच आहे. भिंतीतल्या पाचांमधून एक जण निसटून आत घुसला तर चूक कोणाची? ज्याच्या शेजारून गेला त्याची? की त्याला दुसरीकडे वळायला सांगितलं होतं आणि ही जागा तिसऱ्याची होती? की त्या एकाला मोकळाच सोडायचा आणि चेंडू आधीच फेकायचा असं ठरलं होतं? पडद्यावर बघणाऱ्याला काय घडलं ते दिसतं, काय ठरलं होतं ते दिसत नाही. तो अंदाज करतो. चांगला मार्क देणारा चांगला अंदाज करतो, एवढंच. पॉल ब्राउन यांना निदान स्वतः काय सांगितलं होतं ते माहीत होतं. पण आमच्या बाबतीत तर सरांनाही माहीत नव्हतं! ते ठरलं होतं दोन पोरांमध्ये, क्लासवरून येताना.

सोमवारी सरांकडे गेलो, सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "मला वाटत होतं काहीतरी आहे. तो पोरगा भिणारा नाही, लहानपणापासून बघतोय. विचारणार होतो त्याला. पण तुमचा कागद आला, त्यात अकराचा आकडा होता. म्हटलं, आपलं वय झालं, आपल्याला दिसत नसेल."

हे मला फार लागलं. माझा आकडा चुकला याचं एवढं नाही, आकडे चुकतातच. पण ज्या माणसाचा डोळा बरोबर बघत होता, त्याला माझ्या आकड्याने गप्प केलं.

आणि मग ऑफिस आठवणं आलंच. मी पाच जणांचा लीड आहे, दर मार्चला त्यांना आकडे देतो. तीन वर्षांपूर्वी टीममध्ये एक मुलगी होती, तिची बंद केलेली तिकिटं सगळ्यांत कमी. मी तक्ता बघितला, आकडा दिला, तिने तो घेतला, सहा महिन्यांनी नोकरी सोडली. ती गेल्यावर बाकीच्यांची तिकिटं मंदावली. सगळे अडले की तिच्याकडे जायचे हे तेव्हा कळलं. रिव्ह्यू मीटिंगमध्ये मी तिला वीस मिनिटं आकडा समजावून सांगितला होता. तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून मार्क देणं सोडलं का? नाही. डावा कव्हर मला मार्कांमुळेच दिसला, नाहीतर तो अजून पाच वर्षं कोणाला दिसला नसता. नुसत्या डोळ्यावर सोडलं तर टाळ्या मिळवणारा हिरोच निवडला जातो, हेही मी पाहिलंय. फक्त तक्त्यात आता एक रकाना वाढवलाय: 'विचारलं का?' तो भरल्याशिवाय रांगेला रंग द्यायचा नाही आणि कागद सरांकडे जायचा नाही. पोरांना विचारायला गेलं की अर्धा तास जातो, त्यातली वीस मिनिटं ते थापा मारतात. पण उरलेल्या दहात जे कळतं ते व्हिडिओ दहादा मागे घेऊनही कळत नाही.

भाचा सध्या फिजिओकडे जातोय, चाचणीला गेला नाही. उजव्या कोपऱ्याला सरांनी पाठवलं. बारांत नाव आलं नाही. अंतिम सामन्यात खेळताना दिसला असता तर आलं असतं का, याचं उत्तर कुठल्याही रकान्यात मिळत नाही.

मी त्याच्या घरी जाऊन आलो. सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. "काही नाही काका, होतं असं," म्हणाला. मग त्याच्या आईने चहा दिला. चहा पिता पिता त्याने हळूच विचारलं, "पण काका, ते अकरा उणे... ते तुम्ही काढले का?"

घरी आल्यावर आधी ते काढले.