श्वापदांची राज्ये आणि मानवाचे राज्य

दानिएलच्या ग्रंथातील सातव्या अध्यायावर प्रवचन झाले की भाविकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "फादर, ते चौथे श्वापद म्हणजे आजचा कोणता देश?" कुठे युद्ध पेटले की संशयित देशाचे नाव बदलते, प्रश्न मात्र तोच राहतो.

त्या दर्शनात खवळलेल्या समुद्रातून चार श्वापदे वर येतात. गरुडपंखी सिंह, तोंडात तीन फासळ्या धरलेले अस्वल, चार पंखांचा व चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचे, दहा शिंगांचे चौथे भयंकर श्वापद. त्याला एक लहान शिंग फुटते व ते बढाया मारू लागते. संत जेरोम यांनी इ.स. ४०७ च्या सुमारास लिहिलेल्या भाष्यात बाबेल, मेद-पारस, ग्रीस व रोम असा राज्यांचा क्रम लावला. आजचे बहुतेक बायबलपंडित बाबेल, मेद, पारस व ग्रीस असा क्रम मानतात आणि लहान शिंगात चौथा अँटिओकस या राजाला पाहतात. इ.स.पूर्व १६७ मध्ये त्याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. शब्बाथ व सुंता यांवर बंदी घातली. श्रद्धेपायी माणसे मारली जात होती. हे दर्शन त्यांच्या सांत्वनासाठी होते. राजा कितीही माजला तरी त्याचे दिवस मोजलेले आहेत, हा त्याचा मथितार्थ.

या सांत्वनाचे ज्यांनी पंचांग केले त्यांची गत काय झाली? पाचवे राज्य तलवारीने आणू पाहणारा टॉमस व्हेनर मूठभर अनुयायांसह १६६१ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर उतरला. रक्त सांडले आणि तो फासावर गेला. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी दानिएलच्याच आठव्या अध्यायातील आकड्यांवरून प्रभूच्या पुनरागमनाचा काळ मांडला. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी हजारो भोळे जीव आकाशाकडे डोळे लावून बसले. दिवस उजाडला तसा मावळला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देवशब्दाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात बजावले की पवित्र लेखकाचा आशय समजण्यासाठी त्याचा साहित्यप्रकार पाहावा लागतो. चित्रमय दर्शन हे वेळापत्रक नव्हे.

मग ही श्वापदे भूतकाळात गाडली गेली काय? तसे आम्हांला वाटत नाही. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात योहानाने चित्त्याचे शरीर, अस्वलाचे पाय व सिंहाचे तोंड एकाच श्वापदाला दिले आणि त्यात आपल्या काळचे रोम दाखविले. म्हणजे जुने श्वापद नवे कातडे पांघरते. ते ओळखावे देशाच्या नावावरून नव्हे, करणीवरून: ते दुर्बलांना गिळते, बढाया मारते आणि स्वतःची पूजा मागते. ही खूण हाती आली की बोट केवळ परक्या देशाकडे वळत नाही. आपला पक्ष, आपली जात, आपले घर, इतकेच नव्हे तर सत्तेला चटावलेली ख्रिस्तसभासुद्धा त्या खुणेवर तपासावी लागते.

दर्शनाच्या शेवटी पुराणपुरुष सार्वभौमत्व बहाल करतो ते अधिक बलाढ्य अशा पाचव्या श्वापदाला नव्हे, तर मानवपुत्रासारख्या एकाला. श्वापदांचा पराभव श्वापद होऊन करता येत नाही. वाचकहो, माणूस म्हणून उभे राहणे हीच त्या राज्याची नागरिकता होय.