प्रमाणपत्र कोणाच्या बचावासाठी?



आमच्या कासूच्या आसपासची पोरं कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. त्यात आपल्या वस्त्यांतलीही बरीच. सुरक्षेचं प्रशिक्षण आता मोबाईलवर मिळतं. व्हिडिओ इंग्रजीत, पुढे, पुढे दाबत राहायचं, की प्रमाणपत्र हातात. उद्या अपघात झाला तर तोच कागद दाखवून म्हणतील, "याला शिकवलं होतं." मग हे प्रशिक्षण कामगाराच्या जिवासाठी की ठेकेदाराच्या बचावासाठी?

कामगारांना शिकायचंच नसतं, हे खोटं आहे. 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन निकृष्ट आणि 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. मागणी मराठीची होती.

जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत. कष्टकऱ्याच्या वेळेप्रमाणे शाळा चालली.

ऑनलाईन प्रशिक्षणही असंच हवं. धडा मराठीत, दहा मिनिटांचा, पगारी वेळेत. चित्रं त्याच कारखान्यातल्या यंत्रांची. सुरुवात कामगाराच्या अनुभवापासून: "गेल्या महिन्यात कुठे थोडक्यात वाचलात?" शंका विचारायला समोर माणूस. आणि परीक्षा बटणावर नको, प्रत्यक्ष कामावर घ्या.

हे मिळत नसेल तर एकेकट्याने भांडू नका. चौघे मिळून लेखी मागा. तोवर "प्रशिक्षण मिळाले" या ओळीखाली सही करू नका.